मेक्सिकोतलं लग्न, इटलीतला गुन्हा: सोफिया लॉरेन प्रकरणाची नऊ वर्षं

प्रकरण थोडक्यात

१७ सप्टेंबर १९५७ रोजी मेक्सिकोच्या सीमेवरच्या सिउदाद हुआरेझ या शहरात एक लग्न लागलं. तिथे ना वधू हजर होती, ना वर. दोघांच्या जागी मुखत्यारपत्र घेऊन दोन वकील उभे राहिले, आणि ते दोघेही पुरुष होते. वधू, इटालियन अभिनेत्री सोफिया लॉरेन, तेव्हा अमेरिकेत ‘हाउसबोट’ या चित्रपटाचं काम करत होत्या. आपलं लग्न लागल्याचं आपण वर्तमानपत्रातल्या एका स्तंभात वाचलं, असं त्यांनी पुढे सांगितलं आहे. वर होते चित्रपटनिर्माते कार्लो पोंती, वय ४४. इटलीच्या कायद्याच्या दृष्टीनं ते आधीच विवाहित होते आणि मेक्सिकोत मिळवलेला त्यांचा घटस्फोट इटलीत कागदाच्या चिटोऱ्याइतकाच होता.

या दोघांना खरोखर नवराबायको व्हायला ९ एप्रिल १९६६ उजाडावं लागलं. मधल्या काळात द्विविवाहाचा आरोप झाला, तपास झाला, लग्न रद्द करून घ्यावं लागलं आणि शेवटी नागरिकत्वही बदलावं लागलं. त्याच वर्षांत लॉरेन यांची कारकीर्द शिखरावर होती. हे प्रकरण चित्रपटाच्या इतिहासापेक्षा कायद्याच्या अभ्यासासाठी अधिक मोलाचं आहे, कारण त्यातली प्रत्येक चूक आणि प्रत्येक सुटका कुठल्या तरी ठरावीक कलमाला बांधलेली आहे.

पार्श्वभूमी

सोफिया यांचा जन्म २० सप्टेंबर १९३४ रोजी रोममध्ये झाला आणि बालपण नेपल्सजवळच्या पोत्सुओलीत गेलं. आई रोमिल्दा व्हिल्लानी आणि वडील रिकार्दो शिकोलोने यांचं लग्न झालेलं नव्हतं. वडिलांनी थोरल्या सोफियाला आपलं नाव दिलं, धाकट्या मारियाला मात्र नाकारलं. चित्रपटातून पैसे मिळू लागल्यावर सोफिया यांनी वडिलांना रक्कम देऊन बहिणीसाठी ते आडनाव मिळवलं. पुढचं सगळं समजून घ्यायला ही एक गोष्ट पुरेशी आहे. बापाचं नाव नसणं म्हणजे काय, हे या बाईंनी घरात पाहिलं होतं. त्यामुळे ‘लग्न नसलं तर काय बिघडलं’ हा सल्ला त्यांच्या बाबतीत लागू पडणारा नव्हता.

१९५० मध्ये ‘मिस इटालिया’ स्पर्धेत त्यांना ‘मिस एलेगान्सा’, म्हणजे डौलदारपणाचा किताब मिळाला. त्याच सुमारास पोंती यांच्याशी ओळख झाली. पोंती त्यांच्याहून जवळपास २२ वर्षांनी मोठे होते आणि मिलान विद्यापीठातून कायदा शिकलेले होते. १९५३ च्या ‘आयदा’ या ऑपेरापटात पडद्यावर लॉरेन दिसतात, गळा मात्र ऑपेरा गायिका रेनाता तेबाल्दी यांचा आहे. पार्श्वगायन अंगवळणी पडलेल्या आपल्यासारख्या प्रेक्षकाला त्यात नवल वाटणार नाही. पण लॉरेन यांना स्वतःचा गळा होता, आणि ‘हाउसबोट’मध्ये त्या स्वतःच गायल्या.

पोंती यांचं पहिलं लग्न १९४६ मध्ये ज्युलियाना फियास्त्री यांच्याशी झालं होतं. त्या स्वतः वकील होत्या. त्या लग्नातून दोन मुलं होती.

अडचण नेमकी काय होती

इटलीत घटस्फोट नव्हता. इटली आणि व्हॅटिकन यांच्यातल्या १९२९ च्या लॅटरन करारानं चर्चमध्ये लागलेल्या लग्नाला नागरी कायद्याची मान्यता दिली होती आणि असं लग्न अवैध ठरवण्याचा अधिकार चर्चच्या न्यायासनांकडे सोपवला होता. १९४८ च्या राज्यघटनेनं सातव्या कलमात हे करार कायम ठेवले. एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. विवाह अविभाज्य, म्हणजे कधीच न मोडता येणारा, आहे असे शब्द थेट घटनेत घालायचा प्रस्ताव एप्रिल १९४७ मध्ये अवघ्या तीन मतांनी पडला (१९४ विरुद्ध १९१). त्या तीन मतांमुळेच घटनादुरुस्ती न करता, साध्या कायद्यानं घटस्फोट आणण्याची वाट पुढे खुली राहिली.

खरी मेख मात्र दंडसंहितेत होती. १९३० च्या संहितेत या नात्याला लागू पडू शकतील अशी दोन निराळी कलमं होती, आणि त्यांतला फरक म्हणजे या प्रकरणाचा गाभा.

पहिलं कलम ५६०. विवाहित पुरुषानं दुसऱ्या स्त्रीला घरात किंवा उघडउघड बाहेर ठेवलं तर त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, आणि त्या स्त्रीलाही तेवढीच. पण हा गुन्हा फक्त पत्नीच्या फिर्यादीवर चालत असे. ज्युलियाना यांनी फिर्याद केली नाही, तर जगातलं दुसरं कोणीही काही करू शकत नव्हतं.

दुसरं कलम ५५६, द्विविवाह. शिक्षा एक ते पाच वर्षं. स्वतः अविवाहित असूनही विवाहित व्यक्तीशी लग्न करणाऱ्याला तीच शिक्षा, म्हणजे लॉरेन यांनाही. हा गुन्हा सरकार स्वतःहून चालवू शकत होतं आणि त्याची वर्दी कोणीही देऊ शकत होतं. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे विशेष वाटेल, कारण आपल्याकडे द्विविवाहाची तक्रार साधारणपणे दुखावलेल्या जोडीदारानं किंवा तिच्या वतीनं ठरावीक नातेवाइकांनीच करायची असते. इटलीत वाटेवरचा माणूससुद्धा पोलिसांत जाऊ शकत होता.

तिसरी अडचण मुलांची. १९४२ च्या नागरी संहितेच्या कलम २५२ नुसार, गर्भधारणेच्या वेळी ज्याचं दुसऱ्या कुणाशी लग्न कायम आहे अशा पालकाला विवाहबाह्य मूल आपलं म्हणून नोंदवता येत नव्हतं. म्हणजे लॉरेन यांना मूल झालं असतं तर पोंती यांची इच्छा असूनही ते बाप म्हणून सही करू शकले नसते.

समोर असलेले पर्याय

काहीच न करणं हा पहिला पर्याय. १९५० च्या दशकात इटलीत हजारो जोडपी अशीच राहत होती. कायद्याच्या दृष्टीनं तो सर्वांत सुरक्षित होता, कारण सगळा धोका एकट्या ज्युलियाना यांच्या हाती राहत होता. पण त्यात मुलांचा प्रश्न सुटत नव्हता.

दुसरा पर्याय चर्चकडून पहिलं लग्न अवैध ठरवून घेण्याचा. त्यासाठी लग्नाच्या वेळीच दोष होता हे सिद्ध करावं लागतं: संमती खरी नव्हती, जबरदस्ती होती, किंवा अविभाज्यता मनोमन नाकारली होती. शरीरसंबंध झालाच नाही हा मुद्दा दोन मुलं असताना निघूच शकत नव्हता. बाकीचे मुद्दे पुराव्यानिशी मांडणं अवघड आणि वेळखाऊ.

तिसरा पर्याय कायदा बदलण्याची वाट पाहण्याचा. समाजवादी खासदार सान्सोने यांनी १९५४ मध्ये अगदी मर्यादित घटस्फोटाचं विधेयक आणलं होतं. दीर्घ कारावास, जोडीदाराच्या खुनाचा प्रयत्न अशा टोकाच्या कारणांपुरतं ते होतं, तरी पुढे सरकलं नाही. १९५७ मध्ये या पर्यायावर भिस्त ठेवणं कोणत्याही वकिलाला शक्य नव्हतं.

चौथा परदेशी घटस्फोटाचा. कागद मिळवायला सोपा, परंतु दोघंही इटालियन नागरिक असताना इटलीची न्यायालयं असा घटस्फोट सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून मानत नव्हती.

पाचवा नागरिकत्व बदलण्याचा. इटलीच्या नागरी संहितेच्या प्रास्ताविक तरतुदींत, कलम १७ मध्ये, कौटुंबिक नात्यांना त्या व्यक्तीच्या राष्ट्राचा कायदा लागू होईल असं म्हटलं होतं. म्हणजे माणूस इटालियन राहिलाच नाही, तर इटलीची घटस्फोटबंदीही त्याला उरत नव्हती. कल्पना नवी नव्हती. रेडिओचे संशोधक मार्कोनी यांनी १९२४ मध्ये फ्यूमे शहरात जाऊन घटस्फोट घेतला होता, कारण तिथला कायदा वेगळा होता. पण या वाटेला वेळ लागतो आणि पहिल्या पत्नीचं सहकार्य लागतं.

१९५७: निवडलेली वाट

पोंती यांनी चौथा पर्याय घेतला आणि त्याच्यावर दुसऱ्या लग्नाची भर घातली. वाट मळलेली होती. दिग्दर्शक रोस्सेलिनी आणि अभिनेत्री इनग्रिड बर्गमन यांनी १९५० मध्ये असंच मुखत्यारपत्रावर मेक्सिकोत लग्न केलं होतं.

नुसता मेक्सिकन घटस्फोट घेऊन ते थांबले असते, तर इटलीच्या दृष्टीनं काहीच घडलेलं नव्हतं. लग्न केल्यानं मात्र कलम ५५६ जागं झालं. आतापर्यंत फक्त ज्युलियाना यांच्या फिर्यादीवर अडलेली गोष्ट एका दिवसात अशी झाली की तिची वर्दी कोणीही द्यावी. शिवाय ज्या मान्यतेसाठी हा धोका पत्करला, ती मिळालीच नाही. मेक्सिकोतलं लग्न इटलीत गुन्हा ठरवण्यापुरतं खरं होतं, मुलाला नाव देण्यापुरतं खोटं. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

तक्रार आणि तपास

व्हॅटिकनच्या ‘ल’ओस्सेर्व्हातोरे रोमानो’ या दैनिकानं जाहीर निषेध केला. त्यानंतर मिलानमधल्या एका महिलेनं अधिकाऱ्यांकडे तक्रार केली, इतर काही नागरिकांनीही केली. यांपैकी कोणाचाही पोंती कुटुंबाशी संबंध नव्हता. ज्युलियाना यांनी तक्रार केलेली नव्हती आणि त्यांच्या मौनाचा आता उपयोगही नव्हता. द्विविवाहाचा तपास सुरू झाला.

सुरुवातीला दोघंही इटलीबाहेर राहिले. लॉरेन यांच्याकडे अमेरिकेतली कामं होती, त्यामुळे हे राहणं पळ काढल्यासारखं दिसलं नाही. १९६० मध्ये त्या इंग्लंडमध्ये ‘द मिलियनेअरेस’ करत होत्या. त्यात पीटर सेलर्स यांनी भारतीय डॉक्टरची भूमिका केली आहे. चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी दोघांनी संगीत-निर्माते जॉर्ज मार्टिन यांच्या देखरेखीखाली ‘गुडनेस ग्रेशस मी’ हे गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि ते ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चौथ्या क्रमांकापर्यंत पोहोचलं. गायिका म्हणून लॉरेन यांना मिळालेलं हे सर्वांत मोठं यश देशाबाहेर राहण्याच्या याच काळातलं आहे.

परत येण्याचा निर्णय

१९६० मध्ये दोघं इटलीत परतले. हा मोठा निर्णय होता आणि तो कामासाठी घेतला गेला. व्हित्तोरिओ दे सिका दिग्दर्शित ‘ला चोचारा’ हा चित्रपट इटलीतच घडवावा लागणार होता. आधीच्या आखणीत आईच्या भूमिकेत अभिनेत्री आन्ना मान्यानी आणि मुलीच्या भूमिकेत लॉरेन अशी विभागणी होती. मान्यानी यांनी नकार दिला आणि पंचविशीतल्या लॉरेन आईच्या भूमिकेत आल्या. निर्माते पोंती होते.

परतल्यावर दोघांना न्यायालयात बोलावणं आलं. तिथे त्यांनी आपण विवाहित असल्याचं नाकारलं. हा बचाव वरवर विचित्र वाटतो, पण कायद्यानं सुसंगत होता: मेक्सिकोतला विधी मुळात लग्नच नव्हता, तर द्विविवाह कुठला? त्याची किंमत मात्र अशी की, ज्या नात्याला नाव मिळावं म्हणून सगळा खटाटोप केला तेच नातं स्वतःच्या तोंडानं नाकारावं लागलं.

९ एप्रिल १९६२ च्या समारंभात ‘ला चोचारा’साठी लॉरेन यांना ऑस्कर मिळालं. इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतल्या अभिनयाला मिळालेलं ते पहिलंच. त्या समारंभाला गेल्या नव्हत्या, रोममध्येच होत्या. जगातली सर्वोत्तम अभिनेत्री ठरल्या त्या दिवशीही त्यांच्यावरचं द्विविवाहाचं सावट हटलेलं नव्हतं.

१९६२: लग्न रद्द करून घेणं

सुटकेची पहिली चावी कलम ५५६ मध्येच होती. त्यात म्हटलं होतं की पहिलं लग्न अवैध ठरलं, किंवा दुसरं लग्न द्विविवाहाखेरीज अन्य कारणानं रद्द झालं, तर गुन्हा नष्ट होतो. साथीदारांपुरताही नष्ट होतो. यातले ‘अन्य कारणानं’ हे शब्द महत्त्वाचे. नवरा आधीच विवाहित होता म्हणून लग्न रद्द झालं असतं, तर तो गुन्ह्याचा पुरावाच ठरला असता. म्हणून भर विधीतल्या तांत्रिक दोषांवर द्यावा लागतो. गैरहजेरीत, परक्या देशात, वकिलांकरवी घाईनं उरकलेल्या विधीत असे दोष शोधणं तुलनेनं सोपं असतं. १९५७ मध्ये जी घाई चूक ठरली होती, ती इथे कामी आली.

१९६२ मध्ये लग्न रद्द झालं. पाच वर्षांनी दोघं पुन्हा होते तिथेच आले, पण आता पुढची चाल मोकळी झाली.

फ्रान्सची वाट

पोंती, लॉरेन आणि ज्युलियाना या तिघांनी मिळून फ्रान्सला जाण्याचं ठरवलं. ज्युलियाना यांच्या होकाराशिवाय ही योजना एक पाऊलही सरकली नसती. कारणं दोन होती.

पहिलं, फ्रेंच न्यायालय परदेशी नवराबायकोच्या घटस्फोटाला त्यांच्या सामाईक राष्ट्राचा कायदा लावत असे. दोघंही इटालियन असतील तर पॅरिसच्या न्यायालयातही इटलीचाच कायदा आला असता, म्हणजे घटस्फोट नाही. दोघंही फ्रेंच झाले तर प्रश्नच मिटत होता. दुसरं, फ्रान्समध्ये १८८४ पासून घटस्फोट होता, पण तो दोषावर आधारलेला. परस्पर संमतीचा मार्ग तिथे १९७५ च्या कायद्यानं आला. म्हणजे दाद मागायला हवी ती निर्दोष बाजूनं, आणि या लग्नात ती बाजू ज्युलियाना यांची होती.

म्हणून क्रम ठरलेला होता आणि तो उलटवता येण्यासारखा नव्हता. आधी मेक्सिकोतलं लग्न निकालात काढायचं, नाहीतर नवऱ्याच्या नावावर दोन लग्नं दिसली असती. मग फ्रान्समध्ये वास्तव्य आणि नागरिकत्वाचा अर्ज. तो १९६५ मध्ये, जॉर्ज पाँपिदू पंतप्रधान असताना मंजूर झाला. त्याच वर्षी ज्युलियाना यांनी पोंती यांच्यापासून घटस्फोट घेतला. आणि ९ एप्रिल १९६६ रोजी, ऑस्करनंतर बरोबर चार वर्षांनी, पॅरिसजवळच्या सेव्ह्र इथे नागरी पद्धतीनं लग्न झालं. या वेळी वधूवर स्वतः हजर होते.

मधल्या काळातली एक नोंद राहून जाऊ नये. १९६४ मध्ये लॉरेन यांनी ‘मात्रिमोनिओ अल्ल’इतालियाना’ (इटालियन पद्धतीचं लग्न) हा चित्रपट केला, दिग्दर्शक दे सिका आणि निर्माते पोंती. त्यातली फिलुमेना मरणाच्या दारात असल्याचं सोंग करून लग्न लावून घेते, ते लग्न कायद्यानं रद्द होतं, आणि शेवटी तिच्या मुलांना नाव मिळतं. दोन वर्षांपूर्वी स्वतःचं लग्न रद्द झालेल्या स्त्रीनं ही भूमिका केली आहे हे माहीत असलं की ती पाहताना काळजाला वेगळाच हात लागतो.

निष्पत्ती

थोरला मुलगा कार्लो डिसेंबर १९६८ मध्ये आणि धाकटा एदोआर्दो जानेवारी १९७३ मध्ये जिनिव्हात जन्मला. दोघांना वडिलांचं नाव जन्मापासून मिळालं. पोंती यांच्या २००७ मधल्या निधनापर्यंत हे लग्न टिकलं. दे सिका यांनाही स्वतःच्या संसारासाठी हाच मार्ग धरावा लागला. त्यांचं मारिया मेर्कादेर यांच्याशी मेक्सिकोत झालेलं लग्न इटलीत मानलं जात नव्हतं. फ्रेंच नागरिकत्व घेऊन १९६८ मध्ये त्यांनी पॅरिसला पुन्हा लग्न केलं.

इटलीच्या घटनात्मक न्यायालयानं १९६८ आणि १९६९ मध्ये व्यभिचाराची आणि कलम ५६० ची शिक्षा रद्द केली. १ डिसेंबर १९७० रोजी घटस्फोटाचा कायदा झाला. तो रद्द करावा म्हणून मे १९७४ मध्ये सार्वमत घेतलं गेलं, तेव्हा ५९ टक्क्यांहून अधिक मतदारांनी तो ठेवायच्या बाजूनं कौल दिला. विवाहबाह्य मुलांवरचा बंध १९७५ च्या कुटुंबकायद्यातल्या सुधारणेनं सुटला.

काय वेगळं करता आलं असतं

१९५७ मध्ये विचारायचा पहिला प्रश्न होता: हे लग्न कोणत्या देशात चालायला हवं? राहणं, काम, मुलांची नोंद, वारसा, हे सगळं इटलीत होतं. मेक्सिकोचा कागद यांपैकी कुठेही चालत नव्हता. तो प्रश्न विचारला असता, तर चौथा पर्याय तिथेच बाद झाला असता.

दुसरी चूक क्रमाची. ज्युलियाना यांचा होकार शेवटी कामी आला, पण तो योजनेच्या सुरुवातीला लागणारा घटक होता. फ्रान्समध्ये नागरिकत्वासाठी तेव्हा साधारण पाच वर्षांचं वास्तव्य लागे, काही कारणांनी त्यात सवलत मिळे. १९५७ मध्येच तिघांनी तिकडे पाऊल टाकलं असतं, तर १९६२–६३ च्या सुमारास हेच लग्न, आरोपाशिवाय, होऊ शकलं असतं. लॉरेन तेव्हा अठ्ठाविशीत असत्या. प्रत्यक्षात त्या एकतीस वर्षांच्या होत्या. ज्या बाईला मुलं हवी होती, तिच्या हिशेबात ही तीन वर्षं लहान नाहीत.

थांबून राहणं अधिक शहाणपणाचं ठरलं असतं का, असंही विचारलं जातं. १९७० च्या कायद्यातही घटस्फोटाआधी पाच वर्षांचं विभक्तपण लागत होतं. कायदेशीर विभक्तपणा वेळेवर नोंदवलेला असता, तरी सुटका सत्तरीच्या दशकात पडली असती, म्हणजे थोरल्या मुलाच्या जन्मानंतर. त्या मुलाला जन्मतः बापाचं नाव मिळालं नसतं.

परतीचा निर्णय मात्र बरोबर होता, असं आमचं मत आहे. बाहेर राहून आरोप टळला असता, मिटला नसता. आणि ‘ला चोचारा’ घडला नसता. तपासाला सामोरं जाऊन, त्याच कलमातली सुटकेची ओळ शोधून, मग देश बदलणं हा लांबचा पण पक्का रस्ता होता. त्यात सर्वांत कमी बोललं जातं ते ज्युलियाना फियास्त्री यांच्याबद्दल. ज्या नवऱ्यानं दुसरीशी संसार मांडला, त्याला मोकळं करण्यासाठी त्यांनी स्वतःचं नागरिकत्व बदललं आणि स्वतः दाद मागून घटस्फोट घेतला. त्या वकील होत्या, आपण काय करतो आहोत हे त्यांना पुरतं कळत होतं.